बेटीबाईंच्या डोळ्यातला थेंब

हिलरीकाकांनी सकाळपासून तीनदा बायकोच्या, बेटीबाईंच्या डोळ्यात थेंब घालायचा प्रयत्न केला. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानाकडे ओघळला आणि तिसऱ्या वेळी काकांनी घाबरून स्वतःचेच डोळे मिटून घेतले. शेवटी त्यांनी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

"प्रल्हादराव, येता का जरा? बाई पापणीच उघडत नाही!"

प्रल्हादरावांचा विश्वासच बसेना. उमेळे गावातल्या त्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही डोळ्यात, नाकात, कानात थेंब घालायचे म्हणजे बेटीबाईंनीच. जन्मभर पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडलेली ती बोटं! कानाची बाटली त्या आधी मुठीत धरून कोमट करत, कारण गार थेंबानं गरगरतं. नाकासाठी माणसाला पलंगावर आडवं करून मान काठाबाहेर सोडायला लावत. आणि डोळ्यासाठी विचारत, "परवा भाजी कुठली केली होती?" माणूस आठवतोय तोवर थेंब आत! मग 'नमो मारिया'ची प्रार्थना दहा वेळा होईपर्यंत डोळा मिटून पडायचं. प्रल्हादरावांना रामरक्षेची सवलत होती, पण भराभर म्हणायची नाही, अशी ताकीदही होती. गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा बाई महिनाभर दिवसातून चार वेळा आल्या. कधी कंटाळल्या नाहीत की प्रल्हादरावांच्या भित्रेपणाला हसल्या नाहीत. प्रल्हादराव त्यांना मनातल्या मनात नमस्कार करत.

आता ऑपरेशन खुद्द बाईंचं झालं होतं. थेंब नीट गेले नाहीत तर आत सूज वाढेल, डोळ्याला धोका आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि दोन दिवसांत अर्धी बाटली टॉवेलनंच प्यायली होती.

"मला ठाऊक असतं ना थेंब येतोय ते," बाई ओशाळून म्हणाल्या. "पापणी आपोआप मिटते."

प्रल्हादरावांनी हात धुतले आणि बाटली उचलली. "परवा भाजी कुठली केली होतीत?"

"दुधी. आणि माझीच युक्ती माझ्यावर नको!" बाईंनी डोळा घट्ट मिटला.

हिलरीकाकांनी बाईंचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. मागोमाग आलेल्या मनोरमाबाईंनी, म्हणजे प्रल्हादरावांच्या पत्नीनं, नीट दिसावं म्हणून मोबाईलचा टॉर्च लावला. उजेड पडताच बाई दचकल्या, काकांच्या हनुवटीला डोकं लागलं, काका मागे कोलमडले आणि सोफ्यावरच्या काळ्या चष्म्यावर बसले. चष्म्याचे दोन तुकडे झाले.

"आता मेडिकलमधून नवा आणायला कोण जाणार?" बाई कडाडल्या.

"आधी थेंब!" मनोरमाबाई त्याहून जोरात ओरडल्या.

या गोंधळात प्रल्हादरावांच्या हाताला कापरं भरलं. पुन्हा आडव्या झालेल्या बाईंच्या कपाळावर डावा हात टेकवून ते नेम धरत होते, तोच उजव्या हातातली बाटली नको तेव्हा दाबली गेली. थेंब मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाशेजारी पडला आणि तिथंच थांबला.

"प्रल्हादराव! मिटलेल्या डोळ्यावर कोणी थेंब घालतं का?" असं म्हणत त्यांच्याकडे रागानं बघायला बाईंनी डोळा उघडला. थेंब सुळकन आत गेला.

बाईंनी डोळा मिटून शांतपणे 'नमो मारिया' सुरू केली. दहा झाल्यावर म्हणाल्या, "ही युक्ती तर माझ्यापेक्षा भारी. घाबरणाऱ्याला थेंब दिसूच द्यायचा नाही! एवढी वर्षं मी उगाच लोकांना भाज्या विचारत बसले."

ही युक्ती नव्हती, हे सांगायचं धाडस प्रल्हादरावांना झालं नाही. पुढचे चार दिवस ते वेळेवर जाऊन मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब टाकत राहिले. बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव झालं, आणि जसजसं नाव होत गेलं तसतसं त्यांना जास्तच चोरट्यासारखं वाटू लागलं.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासला, तेव्हा प्रल्हादरावही सोबत होते. "सूज उतरली. छान! थेंब कोण घालतं? हात अगदी स्थिर असणार."

प्रल्हादरावांनी मान खाली घातली.

"स्थिर कसला?" बेटीबाई म्हणाल्या. "लटलट कापतो. पहिल्या दिवसापासून मला कपाळावर कळतंय. पण बोलावलं की येतात हो, एवढे घाबरत असूनही."