सुखाचा दाखला, नमुना अ

साहेब, दोष तुमचा आहे!

हो, तुमचाच! टेबलावर काच, काचेखाली देवाचा फोटो आणि काचेवर शिक्का ठेवून बसणाऱ्या त्या खुर्चीचा. तुमचं नाव लिहीत नाही, ऑफिसचं लिहीत नाही, तालुक्याचंही लिहीत नाही. मी निडर लेखक आहे, पण याच जूनमध्ये माझी ऑर्डर निघायची आहे. एवढंच सांगतो, की दारव्ह्याहून जीपमध्ये बसलं आणि जीप मध्येच बंद पडली नाही, तर तासाभरात आमचं गाव येतं. शेतात कापसाच्या बोंडांपेक्षा सरकारी पाहणी पथकं जास्त दिसतात, अशा या वर्षातली ही हकीकत. वाचकहो, तुम्ही साक्षीला बसा.

मी अवधूत. दहावी पास. कॉलेजच्या लायब्ररीत अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरचा शिपाई. पुस्तकं झटकता झटकता वाचायला लागलो, वाचता वाचता राग यायला लागला, आणि राग आला की लिहायला लागलो. मला कोणी शिकवलं नाही, त्यामुळे थांबवायलाही कोणी नव्हतं! यवतमाळच्या एका दिवाळी अंकात माझी गोष्ट छापून आली: ‘सुखाचा दाखला’. एका राज्यात लोक फार दुःखी होतात. राजा म्हणतो, दुःख कमी करणं अवघड, त्यापेक्षा प्रत्येक घराने सुखी असल्याचा दाखला काढावा. ज्याच्याकडे दाखला तो सुखी! असा जहाल मजकूर. वाचून राज्यकर्त्यांच्या खुर्च्या हलतील अशी माझी खात्री होती. हलली ती फक्त लायब्ररीतली माझी खुर्ची, आणि तिचा एक पाय आधीच आखूड होता.

आमच्या मराठीच्या रत्नप्रभा मॅडम एक दिवस काउंटरवर येऊन म्हणाल्या, “अहो अवधूत, उपहासकथा शिकवून शिकवून माझा घसा बसला. मुलं हसतच नाहीत. तुमची गोष्ट आहे ना ती छापलेली? या, तुम्हीच तास घ्या.”

“मॅडम, असा तास घेतो,” मी छाती फुगवून म्हणालो, “का पोरं तर हसतीलच, बाकडेसुद्धा हसतील!”

वर्गात बेचाळीस मुलं. मी गोष्ट वाचली. आवाज चढवून वाचली, डोळे फिरवून वाचली, राजाच्या जागी पोट पुढे काढून वाचली. एक जण हसला नाही! पण सगळे लिहून घेत होते. बेचाळीस पेनं खाली मान घालून अशी चालत होती, की इतकं एकचित्त मी परीक्षेतही पाहिलं नव्हतं. तिसऱ्या बाकावरच्या राखीने हात वर केला. तांड्यावरची पोर, रोज सहा किलोमीटर सायकलने यायची.

“सर, शेवटची तारीख कोणती हाये?”

वाचकहो, माझे डोळे भरून आले! मला वाटलं पोरीला उपहास कळला, ती माझ्यासोबत खेळते आहे. मी टाळी वाजवली. “तीस तारीख!”

“रहिवासी दाखला जोडा लागते का जी?”

“जोडा! फोटोही जोडा! हसता फोटो, दात दिसले पाहिजे!”

झरी जामणीकडचा संजय उठला. “सर, आमचं गाव जंगलात हाये. साक्षीदार कोनाचा चालते?”

“अस्वलाचाही चालते!”

त्याने तेही लिहून घेतलं.

मी इतका रंगात आलो की खडू घेऊन फळ्यावर अख्खा फॉर्म काढला. सुखाचा दाखला, नमुना अ. रकाना एक: घरातली माणसं. रकाना दोन: त्यांपैकी हसणारी. रकाना तीन: न हसणारी, कारणासह. असं करत रकाना सात: घरात शेवटचं हसू कोणत्या तारखेला झालं. खाली दोन साक्षीदार, ज्यांनी ते हसू प्रत्यक्ष पाहिलं. “हा घरून भरून आणा,” मी म्हणालो. “हाच गृहपाठ!” तास संपला. मी लायब्ररीत जाऊन दिवसभर स्वतःवर खूश होतो.

गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, गुलाबसिंगच्या दुकानासमोर ही गर्दी! झेरॉक्स आणि फोटो, दोन्ही धंदे त्याचेच. मला वाटलं मशीन पेटली. जवळ गेलो तर काचेला कागद चिकटवलेला: ‘सुखाचा फॉर्म येथे मिळेल.’ आत पडद्यापुढे तांड्याचे नायक धावजी स्टुलावर बसले होते आणि गुलाबसिंग ओरडत होता, “काका, दात दाखवा, दात!”

“तीनच हायेत ना बे!”

“मग तीन दाखवा! फॉर्मवर किती पाह्यजे ते लिहेल नाही!”

मी काचेवरचा कागद पुन्हा वाचला. “गुलाबभाऊ,” मी हळूच म्हणालो, “हा फॉर्म... कोठून आला?”

“कॉलेजातून आला ना! कोन्या मोठ्या सरानं फळ्यावर काढून देल्ला म्हणे. तुमी भरला का नाही? तीस तारीख हाये!”

मी पळालो. घरी नाही, थेट तुमच्या ऑफिसात, साहेब! निडर माणूस आहे मी. खिडकीवर जाऊन ठणकावून सांगणार होतो, हा फॉर्म खोटा आहे, ही गोष्ट आहे. पण रांग झाडापर्यंत गेलेली. मध्ये घुसलो तर खिडकीतले बाबू डाफरले, “रांगेत या!” रांगेत दीड तास उभा राहिलो. पुढे लोक, मागे लोक, सगळ्यांच्या हातात माझी कथा! बाबू प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक टाकून शिक्का मारत होते. ठप्प! ठप्प! प्रत्येक ठप्पला माझा एक ठोका चुकत होता.

पुढचा माणूस म्हणाला, “बाबू, योजना नवीन हाये का?”

बाबूंनी मान वर केली नाही. “अर्ज आला म्हणजे योजना असेलच. परिपत्रक मागून येते.”

ऐकलंत, साहेब? तुमच्या खिडकीत हे बोललं गेलं! दोष कोणाचा?

माझा नंबर आला. मी तोंड उघडलं. ‘खोटा’ हा शब्द जिभेच्या टोकावर आला आणि मी मागे वळून पाहिलं. दोनशे माणसं. उन्हात तापलेली. त्यातल्या शंभरांच्या हातात काठ्या, त्या म्हाताऱ्यांच्या टेकायच्या होत्या, पण काठीला ते माहीत नसतं!

“काय पाहिजे?” बाबू.

“अर्ज... द्यायचा होता.”

“कुठे आहे?”

मी गेलो, गुलाबसिंगकडून फॉर्म घेतला, भरला. स्वतःच्या गोष्टीतला फॉर्म स्वतः भरणारा महाराष्ट्रातला मी पहिला लेखक असेन! फोटो काढताना गुलाबसिंग म्हणाला, “हसा.” मी हसायला गेलो. त्याने कॅमेरा खाली घेतला. “दाढ दुखून राह्यली का?”

आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी सकाळी अकराला कॉलेजच्या आवारात दिव्याची जीप शिरली. मी पुस्तकांवरची धूळ सोडून कोशांच्या कपाटामागे शिरलो. एक कोश पोटाशी धरला. अटक झाली तर मारापासून पोट वाचेल!

रत्नप्रभा मॅडम शोधत आल्या. “अवधूत, बाहेर या. साहेब विचारताहेत, फॉर्म कोणी केला म्हणून.”

“मॅडम, मले जेलात टाकतील! ऑर्डर जाईल! तुम्ही सांगा ना साहेबांना, ती उपहासकथा आहे म्हणून!”

मॅडम जरा घुटमळल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, “सांगितलं असतं हो. पण... आमच्या ह्यांनीही भरलाय. तीस वर्षं ऑफिसात काढली त्यांनी. म्हणाले, असू द्यावा एक दाखला.”

प्राचार्यांच्या खोलीत तुम्ही बसला होतात, साहेब. आठवतं? पुढ्यात अर्जांचा ढीग. सगळ्यांत वर धावजी नायकांचे तीन दात. प्राचार्य भिंतीशी असे उभे, जणू भिंतीवरचाच एक जुना फोटो.

“हा नमुना तुमचा?” तुम्ही विचारलंत.

“साहेब, ती गोष्ट आहे. म्हणजे उपहास आहे.”

“उपहास कोणत्या विभागाकडे येतो?”

मी प्राचार्यांकडे पाहिलं. मग तुम्ही चष्मा काढलात आणि शांतपणे बोललात. त्या शांतपणाची मला आजही भीती वाटते. “हे बघा, एक हजार चारशे अर्ज आवक झालेत. वर अहवाल गेलाय. फॉर्म खोटा असेल, तर लोकांची दिशाभूल झाली, आणि ती करणारे तुम्ही. खरा असेल, तर फक्त रकाना सातमध्ये त्रुटी आहे. तारीख आहे, वेळेला जागा नाही. आता सांगा. खोटा, की खरा?”

वाचकहो, इथे एखादा शूर लेखक टेबलावर मूठ आपटून सत्य बोलला असता. मी टेबलाकडे पाहिलं. काच होती. फुटली असती.

“खरा आहे साहेब,” मी म्हणालो. आणि रकाना सातमध्ये वेळेसाठी जागा आखून दिली. वर स्वतःच्या तोंडाने सुचवलं, “सकाळ का संध्याकाळ, तेही लिहायला लावू का?”

“चांगली सूचना,” तुम्ही म्हणालात.

त्या दिवशी डब्यातली भाकर तशीच ठेवली. नुसते रकाने भरून नेणाऱ्या पथकांवर मी दात खायचो, आणि आज मीच एक पथक झालो होतो! सायकल काढली आणि तांड्यावर गेलो. राखीची आई चंदाबाई अंगणात कापसाच्या पऱ्हाट्यांची मोळी बांधत होती. राखीने ओरडून सांगितलं, “याडी, फॉर्मवाले सर आले!” मी दारातच हात जोडले.

“चंदाबाई, माफ करा. तो फॉर्म खोटा हाये. मी मनानं काढला. तुमचा दिवस रांगेत गेला. शिव्या द्या, मारा, पण साहेबांना सांगू नका.”

चंदाबाईने मोळीची गाठ आवळली. माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून जी हसायला लागली, की मोळी पुन्हा सुटली!

“आवो सर, मले काय समजत नाही का? अस्वल साक्षीदार चालते म्हणे! राखी वाचून दाखवे अन् आमी सारे आडवे होऊन हासो!”

“मग भरला काहून?”

“फॉर्म आला का भरा लागते बापू,” ती एकदम शांत होऊन म्हणाली. “मागं एक आलता. आमी म्हटलं, खोटा असन. तो खरा निघाला. शेजारच्या गावात भरला, आमी राह्यलो. तवापासून आमी खरा-खोटा पाह्यतच नाही. येईन तो भरतो. तुमी गोष्ट लेहा, आमी भरू!”

मला रागवायचं होतं. कोणावर, ते कळेना. परत येताना सायकल हातात धरून चालतच आलो. तरी हलकं वाटलं, हे कबूल करतो. निदान एक घर तरी माझ्या गोष्टीला हसलं होतं! वर्गात नाही, तांड्यावर. पण हसलं.

तीस तारखेनंतर दाखले आले. शिक्क्यासकट! धावजी नायकांचा आला. चंदाबाईचा आला. रत्नप्रभा मॅडमच्या ह्यांचा आला, त्यांनी तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला. संजयचाही आला. त्याने साक्षीदार म्हणून कोणाचं नाव लिहिलं होतं, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

मग जून लागला. प्राचार्यांनी मला बोलावलं. “अवधूत, तुझी ऑर्डर तयार आहे. सही झाली. फक्त एक कागद जोडायचा राहिला.”

“कोणता सर?”

“नवीन निघालंय. हंगामी कर्मचाऱ्यांनी सुखाचा दाखला जोडावा.”

पायाखालची फरशी सरकली! तरी म्हटलं, आपला अर्ज गेलाय, येईलच. आणि परवा आला, साहेब, तुमच्या सहीचा लिफाफा. आत दाखला नाही. माझा अर्ज परत! लाल शाईत शेरा:

‘नामंजूर. फोटोत अर्जदार घाबरलेला दिसतो. शेवटच्या हसूची तारीख लिहिलेली नाही.’

साहेब, राज्य माझं, राजा माझा, फॉर्म माझा, रकाना सात माझा! एक हजार चारशे घरं माझ्या लेखणीने सुखी झाली, आणि मी एकटा बाहेर? मला घाबरवलं कोणी? त्या दिव्याच्या जीपमधून कोण उतरलं होतं? त्याची वेळ लिहू का, सकाळचे अकरा? मी असाच गप्प बसणार नाही. मी निडर लेखक आहे. मला लेखी उत्तर पाहिजे, आणि ऑर्डर रद्द व्हायच्या आत पाहिजे!

गुलाबसिंगकडे जाऊन दुसरा फोटो काढला आहे. चंदाबाई समोर उभी राहून अस्वलाचं बोलत होती, त्यामुळे बत्तीसच्या बत्तीस दिसतात. सोबत जोडला आहे. चालेल का, एवढं तरी कळवा!