सीट ओतताना हलू नये

मी गाडीत कधी अडकले नाही! अकरा वर्षं शर्यतीच्या गाड्या चालवल्या, तीनदा अजिंक्यपद मिळवलं, दोनदा चाकं आभाळाकडे करून पालथी पडले, एकदा इंजिनानं पेट घेतला. पण दर वेळी पाच सेकंदांत, स्वतःच्या पायांनी, बाहेर! बचाव पथकातली माणसं माझ्यावर रुसलेलीच असायची. ती स्ट्रेचर घेऊन धापा टाकत पोचायची, तोवर मी कठड्यावर बसून पाणी पीत असायची.

हे एवढ्या तोऱ्यात सांगतेय, कारण काल दुपारी एका बंद, थंडगार, जागच्या न हललेल्या गाडीतून मला बाहेर काढायला सात माणसं आणि पाव कापायची सुरी लागली.

चिमणीच्या वेळी दिवस राहिले आणि मी हेल्मेट खुंटीला टांगलं. आमचे जुने मालक म्हणाले, "मी थकलो. आता टीम तू सांभाळ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोक म्हणाले, बढती झाली! कसली बढती? ड्रायव्हर गाडीत एकटा असतो म्हणतात ना, ते साफ खोटं आहे. गाडीत होते तेव्हा हेल्मेटमधल्या रेडिओवरून माझ्या कानात दोन-दोन तास उस्ताद असायचे. उस्ताद म्हणजे आमचे मुख्य मेकॅनिक. "अगं गाढवे, ब्रेक काय शोभेला दिलाय?" असं ते वळणावळणाला ओरडायचे. मी त्यांच्यावर ओरडायची. किती सोबत होती!

मालकीण झाले आणि त्याच उस्तादांच्या तोंडून "मॅडम, काही हवंय का?" निघायला लागलं. मला जिन्यावरची काचेची खोली मिळाली. तिथून खालचं सगळं दिसतं, ऐकू काहीच येत नाही. मी खाली उतरले की हसणं असं बंद होतं, जणू कुणी नळ बंद केला. चिमणीचे बाबा जहाजावर असतात, त्यांचा आवाज आठवड्यातून दोनदा येतो आणि त्यातला निम्मा वेळ "ऐकू येतंय का?" यात जातो. राहिली चिमणी. सात महिन्यांची. ती बोलते भरपूर, पण सगळं एकाच अक्षरात!

तर काल. आज मालकीण म्हणून माझी पहिली शर्यत होती. काल चार वाजता तपासनीस येणार होते, आणि नव्या ड्रायव्हरची सीट तोवर तयार हवी होती. सीट नसेल तर गाडी शर्यतीतून बाद, विषय संपला. ही सीट दुकानात मिळत नाही बरं का! ड्रायव्हरच्या अंगावरच ओततात. गाडीत एक मोठी पिशवी पसरायची, त्यावर ड्रायव्हरनं बसायचं, पिशवीत दोन रसायनं मिसळून ओतायची. फेस फुगत फुगत पाठीच्या, कमरेच्या सगळ्या खाचाखोचांत शिरतो आणि पंधरा मिनिटांत दगड होतो. तेवढा वेळ ड्रायव्हरनं हलायचं नाही.

सीटवाला बाहेरून बोलावला होता, एक वाजता. उस्तादांनी नंतर ते दोनवर ढकललं, तसं खालच्या फळ्यावर लिहिलं आणि सगळे जेवायला गेले. सीटवाल्याला कळवायचं राहून गेलं. आणि मला? मला कोण सांगणार! काचेतून फळ्याची मागची बाजू दिसते.

एकला पाच मिनिटं असताना मी खाली उतरले. चिमणी सकाळपासून झोपेशी भांडत होती. मी माझा शर्यतीचा जुना अंगरखा चढवला होता. ऐट म्हणून नव्हे हो! बाकी सगळ्या कपड्यांवर चिमणीनं दूध काढलं होतं, आणि या अंगरख्याला पुढून गळ्यापासून पोटापर्यंत चेन आहे. पाजायला याच्याइतका सोयीचा कपडा जगात नाही! चिमणीला आत घेतलं, वर चेन ओढली.

खाली कुणी नव्हतं. गाडी एकटी उभी होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"फक्त पाच मिनिटं," मी चिमणीला म्हणाले आणि आत बसले. पाठीखाली पिशवी चुरचुरली. आणि काय सांगू, अर्ध्या मिनिटात पोरगी ढाराढूर! मीही तिच्यावर वाकून, पाठीची कमान करून, हनुवटी तिच्या टाळूला टेकवून डोळे मिटले.

"वा! वेळेवर बसलात की!" मागून आवाज आला. सीटवाला! जाड चष्मा, हातात दोन डबे. त्याला पाठमोरी वेणी आणि अंगरखा दिसला. "ड्रायव्हर बाई आहेत हे कुणी बोललं नाही मला. असो. हलायचं नाही हं. गरम लागेल, घाबरायचं नाही."

आता तुम्ही म्हणाल, बाई, तोंड नव्हतं का तुला? होतं! पण तीन तासांनी झोपलेलं मूल छातीवर असताना तोंड उघडण्याची हिंमत कुठल्या आईत असते? हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला "मॅडम" न म्हणता सरळ हुकूम सोडला होता. ड्रायव्हर म्हणाला होता मला. मी गप्प बसले. हललेसुद्धा नाही.

फेस चढला. कमरेला ऊब आली, मग पाठीला, मग काखेला. सीटवाला बडबडत होता. "माझी बायको म्हणते, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या पाठीच बघितल्या. तुमची पाठ छान आहे. जरा वाकलेली आहे, पण मायाळू आहे."

मला रडू आलं. पण हलायचं नव्हतं ना!

पंधरा मिनिटांनी चिमणी जागी झाली आणि तिनं भोंगा वाजवला. सीटवाल्याच्या हातातला डबा खाली पडला. "बाई, तुमच्या पोटातून आवाज येतोय!"

मी उठायला गेले. उठले नाही! फेस काखेखालून पुढे येऊन घट्ट झाला होता. पिशवी कुठेतरी फाटली होती आणि वेणीचं टोक दगडात गेलं होतं. तेवढ्यात जेवून सगळे परतले. पुढे उस्ताद, मागे पाच मेकॅनिक, आणि शेवटी आमचा नवा ड्रायव्हर. त्याला सगळे काठी म्हणतात. सव्वासहा फूट उंची, रुंदीचा पत्ता नाही.

सगळे थबकले. चिमणी सोडून.

"मॅडम..." उस्ताद म्हणाले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, फेस पाहिला, रिकामे डबे पाहिले. "दुसरा माल आहे का हो?"

"एकाच सीटचा आणला होता," सीटवाला म्हणाला. "पण ही फार छान बसली आहे!"

आणि उस्ताद फुटले. "अगं गाढवे! अकरा वर्षं गाडीत बसून पोट नाही भरलं तुझं? बाळाला घेऊन बसतेस? तोंडाला कुलूप लावलं होतं का?"

काय सांगू किती बरं वाटलं!

मग सात जण कामाला लागले. सुरी जेवणाच्या टोपलीतून आली. काठीनं चिमणीला धरलं, तो उंच असल्यामुळे ती पहिल्यांदाच छतापर्यंत पोचली आणि हसायला लागली. वेणीचं शेवटचं वीतभर टोक सीटमध्येच राहिलं. मी बाहेर पडले तेव्हा पावणेतीन झाले होते.

उस्ताद सीटकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लायसन्स चालू आहे का अजून तुझं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लायसन्स चालू होतं. सीट माझ्या मापाची होती. हेल्मेट खुंटीला होतं.

मी पुन्हा आत बसले, या वेळी चिमणीशिवाय. सीट अंगाला अशी बिलगली! स्टिअरिंग धरलं. समोर बघायला गेले. दिसेना! मान वर येईना. त्या सीटनं माझी पाठ जशी होती तशी धरून ठेवली होती, चिमणीवर वाकलेली. तिच्यात बसलं की नजर रस्त्यावर जातच नाही, थेट मांडीवर जाते. आणि मांडी रिकामी.

"काय झालं?" उस्तादांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "काठीला बसवा."

मग तासाभरात ती सीट तासली, कोरली, जिथे पोकळ राहिली तिथे चिमणीची दुपटी कोंबून वर पट्ट्या चिकटवल्या. तपासनीसांनी सीट दाबून पाहिली, हुंगून पाहिली, म्हणाले, "दुधाचा वास येतोय," आणि शिक्का मारला.

आज सकाळी काठी चौदा गाड्यांत अकरावा आला. उतरल्यावर मान चोळत म्हणाला, "विचित्र सीट आहे हो. सबंध शर्यतभर मला मांडीत बघावंसं वाटत होतं."

पण गाडी धावली! खाली नुसता धुमाकूळ चाललाय. मी काचेतून बघत होते. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. उस्ताद! मी केस सारखे केले, खुर्ची मागे सारली. म्हटलं, आले बोलवायला!

दार उघडून ते म्हणाले, "जरा चिमणीला द्या, मॅडम. सगळे विचारताहेत तिला."

दिली. गेले.

तर अशी ही फुरसत मिळाली, म्हणून हे लिहून काढलं. चिमणीला आणायच्या निमित्तानं खाली जाणारच आहे मी. पण लगेच गेलं तर बरं दिसत नाही. दहा मिनिटं थांबावं असं ठरवलंय.

चौथ्यांदा.