रांजणाजवळचे कोंब

“आधी गिरणी, मग टाळ,” चांगुणाबाईंनी नवऱ्याला दारातच अडवलं. “सोसायटीचे गुरांचे डॉक्टर काय बोललेत? मिलो भरडूनच घालायचा. आख्खा घातला की दाण्याच्या यादीतनं नाव कटलं!”

“आपल्या गाईला काय दात न्हाईत व्हय?” ज्ञानोबा टाळ गळ्यात अडकवत म्हणाले. “वाशी गावच्या गिरणीत पाळी लागंस्तोवर दिस बुडतोय. बुवांचं निरूपण काय थांबतंय का तवर? घाल आख्खाच.”

अशी देवळातल्या सप्ताहात रोज कपिलेपुढं आख्खी लाल मिलो ज्वारी पडत राहिली. साल दुष्काळाचं. दूध सोसायटी हा मिलो फक्त दुभत्या जनावरांपुरता देत होती. तो बंद झाला तर कपिला विकावी लागली असती. हे ज्ञानोबांना कळत होतं, पण मृदंग वाजला की त्यांचे पाय ऐकत नसत. वर त्यांचा हट्ट असा, की देवळाच्या मांडवातलं सारवण आपल्याच कपिलेच्या शेणानं व्हावं. तेवढीच सेवा!

काल्याच्या कीर्तनात ते टाळ घेऊन उभे राहिले आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या रांजणाकडं गेली. रांजण आठवडाभर पाझरत होता. त्याच्या बुडाशी, ओल्या सारवणातून, हिरवेगार कोंब वर आले होते. ज्ञानोबा ते झाकायला रांजणाकडं सरकले.

तेवढ्यात बायकांतल्या तुळजाबाईंनीही ते पाहिलं. “देव पावला गं माय! पाऊस न्हाय, पेरणी न्हाय, आन् देवळात पीक!”

बायका हळदकुंकू घेऊन धावल्या. ज्ञानोबांचा टाळ चुकला. पुढच्या रांगेत डॉक्टर बसले होते. ते उठले, वाकले आणि त्यांनी एक कोंब उपटला. मुळाशी लाल दाणा.

“हा तर आपला मिलो!” डॉक्टर म्हणाले. “भरडलेला दाणा शेणातून असा उगवत नाही. शेण कुणाचं?”

“ज्ञानोबाच्या कपिलेचं!” तुळजाबाई कौतुकानं ओरडल्या. “पुण्यवान गाय हाय!”

सगळा मांडव ज्ञानोबांकडं वळला. सोसायटीचे चेअरमन हिंमतराव तर डोळे वटारूनच बघत होते. समोर पांडुरंग उभा. खोटं बोलायचं कसं?

“चमत्कार न्हाय, माजी चूक हाय,” ज्ञानोबा कसेबसे म्हणाले. “गिरणीत गेलो असतो तर कीर्तन चुकलं असतं. म्या आख्खाच घातला. मला काय बी दंड करा, पर गाईचा दाणा तोडू नगा.”

कीर्तनकार गोरोबाबुवांनी चिपळ्या थांबवल्या. “ज्ञानोबा, पहिल्या दिवशी निरूपण कशावर झालं?”

ज्ञानोबांनी डोकं खाजवलं. “लई ग्वाड झालं, बुवा.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“त्येबी लई ग्वाड.”

“बघा डॉक्टर,” बुवा हसले, “गाईनं मिलो गिळला, यांनी आमचं निरूपण गिळलं. दोघांनीही आख्खंच!”

मांडव हसला. डॉक्टरही हसले. “नाव राहू द्या. पण उद्यापासून भरडा.”

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ज्ञानोबा पोतं घेऊन वाशीच्या गिरणीवर पोचले. बघतात तर पाळीत आख्खं भजनी मंडळ, आणि सगळ्यांत पुढं हिंमतराव. त्यांच्या पोत्यातून लाल मिलो डोकावत होता.

हिंमतरावांनी घाईघाईनं पोत्याचं तोंड आवळलं आणि घसा खाकरला.

“पाळी यायला दिस बुडंल, ज्ञानोबा. टाळ आणलाय का?”