भेकराला आलेली पानं

एका जंगलात, बाळांनो, फार प्रेमळ प्राणी राहायचे. कुणावर संकट आलं की कावळा जंगलभर ओरडून सांगायचा. मग जो तो पळसाच्या पानावर चिखलाच्या पंजाचा ठसा उठवायचा आणि पान कावळ्याकडे द्यायचा. म्हणजे ‘आम्ही आहोत तुझ्या पाठीशी.’ किती पाठीशी, ते विचारायचं नाही. वाईट दिसतं.

एकदा भिवा नावाचं भेकर खोल खड्ड्यात पडलं. पाय मुरगळला, वर येता येईना, पोटात भुकेची आग. बिचारं रडकुंडीला आलं. तेवढ्यात कावळ्याने पहिलं पान आणून टाकलं, हत्तीचं. भेकराला खरंच धीर आला. खोटं कशाला सांगू, एका पानानेही येतो.

मग पानं पडतच राहिली. दुसऱ्या दिवशी भेकर गळ्यापर्यंत पानांत. तीच खाल्ली असती तर भूक भागली असती. पण मग पानं कमी झाली असती ना!

फक्त शेजारच्या घोरपडमावशीचं पान आलं नाही. हे भेकराच्या मनाला फार लागलं.

तिसऱ्या दिवशी खड्ड्याची एक कड ढासळली. मावशी दोन दिवस नखांनी माती उकरत होती. चांगला उतार झाला. भेकर लंगडत वर आलं. पानं मातीखाली गेली म्हणून आधी हळहळलं.

मग म्हणालं, “मावशी, तुझं पान नाही आलं.”

“अरे, उकरत होते मी.”

“हाताला चिखल तर लागलाच होता. एक ठसा उठवायला कितीसा वेळ लागतो?”

मावशीने आपल्या तुटक्या नखांकडे पाहिलं आणि ती घरी गेली.

आता भेकर सुखरूप होतं, म्हणून पानं बंद झाली. हत्ती समोरून गेला, त्याने ओळखलंसुद्धा नाही. भेकराला इतकं एकटं खड्ड्यातही वाटलं नव्हतं. चार दिवस त्याने कळ काढली. पाचव्या दिवशी ते पुन्हा खाली उतरलं, आणि कुणी ढोंगी म्हणू नये म्हणून तो उतार लाथांनी मोडून टाकला.

कावळा ओरडला. पानं आली. त्यांत एक ठसा नवा होता, तुटक्या नखांचा.

भेकराचे डोळे भरून आले. ते म्हणालं, “आली बाई मावशी एकदाची.”

तात्पर्य : संकटात कुणाच्या मदतीला धावू नये. राहवतच नसेल, तर आधी पान पाठवावं आणि मग घरीच बसावं.