तांबे तांब्याचे : खाडी सुधारल्याचे वर्तमान

श्री. ज्याच्या पोटी सर्व नद्या आणि सर्व राज्यांची घाण निमूट जाते, त्या दर्यास नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु दौलतीत क्रोध करण्याइतके बळ कोणाचे अंगी उरले नव्हते. सर्व थकले होते, आणि सर्वांहून थकले होते ते हुजूरचे पाणपारखी अनंत त्र्यंबक, ज्यांस लोक पंत म्हणत. पंतांचे काम हे की, दर्याचे पाणी यंत्रात घालावे आणि तांबे, जस्त, शिसे किती ते हुजूर कळवावे. धातू पाण्यात असतोच, तो इतका सूक्ष्म की खंडीभर पाण्यात मोहरीची कणी पडावी. परंतु मर्यादा सोडून वाढला तर कालवे, म्हणजे खडकास चिकटलेले शिंपल्यातील जीव, तो पोटी साठवितात आणि खाणाराचे पोटी घालतात, सबब दौलतीस त्याचे भय. आणि रिवाज ऐसा की, दर्याचे पाणी हुजूर यावे ते तांब्यातच यावे, कारण तांब्या शुद्ध. हा तांब्या हंड्याएवढा थोर. आदले दिवशी तो चिंचेने आणि राखेने घासून लखलखीत करावा, मग कुंकू लावावे, नारळ वाहावा, आणि साखळीने दर्यात सोडावा. आणि दर साली पाण्यात तांबे अतोनात निघे, आणि दिवाणसाहेब खाडीवर कालवबंदीचा हुकूम सोडीत, आणि पंत त्यावर सही करीत. खाडीच्या कोळणींची चूल कालवांवर पेटे. ती विझली, त्याचे दरबारी कोणास फारसे काही वाटले नाही.

मग या साली दिवाणसाहेबांचे मनात आले की, नुसत्या खाडीचे काय, पार उथळ दर्या सरून तळ खोल जातो तेथीलही पाणी आणावे. आणिले. आणि निकाल पाहताच पंतांचे काळीज चरकले, कारण खाडीत जितके तांबे, तितकेच तेथे! किनारा सोडून जावे तसतसे ते उणे व्हावयाचे, हा तर सारासार विचार. पंत डोक्यास हात लावून बसले, आणि मग त्यांची नजर कोपऱ्यातील तांब्यावर गेली. चिंच लागून तो कसा झगमगत होता. "अरे देवा," पंत म्हणाले, "आम्ही इतकी वर्षे भांडेच चाखीत होतो!"

मग पंतांनी प्लास्टिकची बाटली तेजाबाने धुतली, हातमोजे चढविले, आणि चांगुणा तांडेलणीची लाकडी होडी मागितली. चांगुणा ही कालव काढणाऱ्या बायांची पुढारीण, जिभेची तिखट. ती म्हणाली, "नारळ नाय, कुंकू नाय, दर्याला काय सुतक लागलं का काय?" पंतांनी, होडीची घाण बाटलीत न जावी म्हणून, वारा येतो त्या अंगास वाकून बाटली भरली, आणि यंत्रात घालून पाहतात तो तांबे नावापुरते. मग पंत दरबारी गेले आणि अर्ज केला की, पाण्यातील तांबे हे तांब्याचे आहे. दिवाणसाहेब हसले. "पंत, तांबे तांब्याचे नसेल तर काय लोखंडाचे असेल?" आणि तमाम दरबार खो खो हसला. पंत म्हणाले, "तांब्याचे म्हणजे धातूचे नव्हे साहेब, भांड्याचे!" "आणि भांडे कशाचे?" "तांब्याचे." "मग आम्ही निराळे काय बोललो?" ऐसा घोळ बराच वेळ चालला. शेवटी पंतांनी वाफेचे शुद्ध पाणी त्याच तांब्यात भरून ठेविले आणि सर्वांदेखत यंत्रात घातले, आणि त्यातही तांबे निघाले, आणि मग कोणी हसेना.

दिवाणसाहेबांनी पंतांस बाजूस घेतले आणि म्हणाले, "बंदी चुकली म्हणावे तर सरकारची अब्रू जाते, आणि सही तुमची, तेव्हा चाकरीही जाते. ऐसे लिहा की, खाडी दूषित होती, ती सरकारच्या प्रतापे सुधारली." पंतांस भांडावयास त्राण नव्हते. खाडी मोकळी होते ना, मग शब्द कोणतेही का असेनात, ऐसे म्हणून त्यांनी लिहून दिले, आणि दवंडी पिटली, आणि घरी जाऊन पंत स्वस्थ निजले.

परंतु बाजारात एक कालव खपेना. पंत पाहावयास गेले तो चांगुणा भरल्या टोपलीपाशी बसलेली. ती म्हणाली, "पंत, सुधारली म्हंजे इतकी सालं इखच होतं ना? लोक म्हनतात, बंदीआधी तांडेलीण आमाला इख चारत होती. माझी सून घर सोडून शहरात धुणीभांडी करते. आनि आता इख गेलं म्हनता, ते गेलं कुठं?" पंतांस मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते म्हणाले, "बाई, विष कधी नव्हतेच. चूक आमची." चांगुणाने कोयत्याने कालव फोडले आणि पुढे केले. "मला कशाला सांगता? सगळ्यांसमोर खाऊन सांगा." ज्या पंतांच्या घरी कांदाही मागील दारी चिरीत, त्यांनी डोळे मिटले आणि ते गिळले. लोक पाहत राहिले, घेतले कोणीच नाही. चांगुणा म्हणाली, "एका दिसानं काय होतंय? उद्या मेले का नाय ते बघतील. उद्या पन या."

येणेप्रमाणे वर्तमान. सरकारची अब्रू शाबूत आहे, तांब्या घासून देवघरी ठेविला आहे, आणि गिऱ्हाईक हळूहळू येते, हळूहळूच येते. पंत रोज बाजारात जातात, कालव गिळतात, आणि मोठ्याने म्हणतात, "खाडी सुधारली नाही हो, खाडी चांगलीच होती!" हे दिवाणसाहेबांचे कानी गेले तर चाकरी राहणार नाही, हे पंत जाणतात, परंतु भिण्याइतकेही त्राण आता त्यांचे अंगी उरलेले नाही.