घरातून हाक आली पाहिजे

रत्नागिरीत मला बोलतं केलं ते मयेकर काकांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, ही पोरगी म्हाताऱ्या माणसाची थट्टा करतेय. थट्टा आहेच थोडी. पण आधी उपकार, मग थट्टा.

तर, मयेकर काका कुणाला काही हातात देत नाहीत. फेकतात. किल्ली, साबणाची वडी, एस.टी.च्या कंडक्टरला सुट्टे पैसे, सगळं. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत भटजी म्हणाले, "तो नारळ द्या इकडं." काकांनी दिला. म्हणजे त्यांच्या पद्धतीनं दिला. भटजींनी तो छातीशी कसाबसा धरला. यजमान पांढरे पडले, आणि काका मात्र खूश. "भटजी, हात मऊ हायत तुमचे. संध्याकाळी ग्राउंडवर या." मासळीबाजारात तर कोळणी त्यांना ओळखून आहेत. बांगडा पिशवीत घालत नाहीत. "घ्या काका, झेला!" म्हणून लांबूनच सोडतात, आणि काका पिशवीचं तोंड उघडून तो बरोबर आत घेतात.

फेकण्याआधी ते एकच शब्द बोलतात. "झेल!" शब्द आणि वस्तू साधारण एकदमच पोचतात.

माझ्याकडे पहिल्यांदा लिंबू पोचलं. मी मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या लाटते. काका आपल्या परसातली लिंबं द्यायला मागच्या दाराशी आले होते. "झेल!" ऐकून मी मान वर केली आणि लिंबू कपाळावर बसलं.

"लागलं काय गो?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग ओरडली का न्हाय?"

त्याचं कारण सांगते. मी परभणीकडची. आठवीनंतर शाळा सुटली. ओळखीच्या एका बाईनं इथं काम लावून दिलं, तेव्हा आईनं पिशवीत चटणी आणि एक उपदेश घालून दिला होता. लोकांच्यात जास्ती बोलू नको. मी तरी पहिल्या दिवशी बोलले. भात संपत आला होता, म्हणून मुलींना म्हटलं, "थांबा, भात यायलाय." सगळं टेबल हसायला लागलं. "यायलाय! भात यायलाय!" पुढचे कितीतरी दिवस मी दिसले की कुणीतरी म्हणायचं, "वरण यायलंय का?" मुली वाईट नव्हत्या. त्यांना गंमत वाटायची. पण मी हळूहळू तोंड मिटलं. हो म्हणजे मान खाली, नाही म्हणजे मान आडवी. एवढ्यावर खानावळ चालते. पोळ्यांशी बोलावं लागत नाही.

काकांनी माझं नाव विचारलं. मी हळूच सांगितलं, "गोदावरी."

"नाव नदीचं आणि आवाज विहिरीतला!" ते म्हणाले. "संध्याकाळी ग्राउंडवर ये. माका सहावी पायजे."

त्यांना सहावी कशासाठी पाहिजे होती, ते सांगायला हवं. मयेकर काका बोटीवर होते. मोठ्या मालवाहू बोटीवर, खलाशांचे मुकादम. एकदा अमेरिकेत त्यांची बोट दुरुस्तीसाठी बंदरात अडकून पडली. बंदराजवळच्या शाळेच्या मैदानावर मुली एक खेळ खेळत. लांब दांड्याला जाळी, आणि त्या जाळीत चेंडू झेलायचा, पळायचं, फेकायचा, गोल करायचा. खेळाचं नाव लॅक्रॉस. बाकीचे खलाशी बाजारात फिरायचे आणि काका कुंपणाला लागून उभे राहायचे. "मी म्हटलं, हा तर आमचा आंबे उतरवायचा झेला! आमच्या बापजाद्यांनी आंबे काढले आणि ह्यांनी गोल काढले. एवढाच काय तो फरक." तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी बोट सुटताना त्यांना एक काठी भेट दिली. ती त्यांनी रत्नागिरीत आणली, आणि निवृत्त झाल्यावर वसतिगृहाच्या मुली गोळा केल्या. बाकीच्या काठ्या बांबूच्या. त्यांच्या जाळ्या पूर्णगडच्या एका जाळी विणणाऱ्याकडून करून आणलेल्या. लहान प्रकारात सहाजणी लागतात. पाच होत्या. सहावी, म्हणजे गोलकीपर, नर्सिंगला लागून निघून गेली होती.

अशी मी गोलमध्ये उभी राहिले. डोक्यावर क्रिकेटचं हेल्मेट, पायाला पॅड, छातीवर काहीतरी जाड, आणि आत मी, घाबरून अर्धी झालेली.

काकांचा सराव कुठल्या पुस्तकात नसेल. ते येताना थर्मास आणतात. ड्रिल सुरू झालं की स्टीलच्या कपात गरम चहा ओतून जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे मैदानाच्या बुटक्या दगडी कुंपणावर, ठेवतात. चहावर साय धरली की ओरडतात, "साय धरली!" म्हणजे ड्रिल संपलं. काका तो चहा पितात आणि पुढच्या ड्रिलसाठी नवा ओततात. "एकच गोष्ट लय वेळ करशील तर हात झोपतात," असं त्यांचं म्हणणं. सराव संपेपर्यंत आम्ही दमलेल्या असतो आणि काकांना चहा चढलेला असतो.

रांगेत कुणी उभी दिसली की संपलंच. "रांग रेशनला लावायची गो! हितं नुसतं उभं राह्यचं न्हाय." मग सगळ्याजणी एकदम भिंतीशी. भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत झेलायचा. भिंत जांभ्याची, खडबडीत, भोकं पडलेली. चेंडू कुठून कसा येईल, नेम नाही. आमची कॅप्टन तन्वी एकदा म्हणाली, "काका, पलीकडं सिमेंटची भिंत आहे ना चांगली!" काका म्हणाले, "ती लाड करते. ही बघ, सासूसारखी हाय. हिच्याकडं शिकलीस तर कुठंपण नांदशील."

जमिनीवरचा चेंडू उचलायला शिकवताना म्हणायचे, "वाक! उभ्यानं भात लावतंस काय?" चेंडू जाळीत घेऊन पळताना काठी हलवत ठेवायची असते, नाहीतर तो सांडतो. त्यासाठी त्यांचा शब्द होता, "जोजव!" रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, इथं बालवाडी चालते.

पण सगळ्यात मोठा नियम गोलकीपरला. काका गोलला गोल म्हणतच नाहीत. 'घर' म्हणतात. पुढच्या मुलींची पाठ घराकडं असते. चेंडू कुठून येतोय, कुणाला अडवायचं, हे फक्त घरातल्या बाईला दिसतं. तिनं ते ओरडून सांगायचं. "घरातून हाक आली पायजे," काका म्हणायचे. "हाक न्हाय, तर घर न्हाय. नुस्ता खोका."

मुली सांगायच्या, काकांना या हाकेचं वेडच आहे. ते एकटे राहतात, पण घरी जाताना वळणावरून आपल्या रिकाम्या घरालासुद्धा हाक मारतात. "आलोऽऽ!" तन्वीची मावशी त्यांच्याच वाडीत राहते. ती नक्कल करून दाखवायची आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, आवाज न करता.

चेंडू मी अडवू लागले. घाबरलेल्या माणसाचं लक्ष फार असतं. पण हाक निघेना. तोंड उघडलं की ते टेबल आठवायचं. काकांनी सगळे उपाय केले. समोर उभे राहून म्हणाले, "मला शिव्या दे." मी मान आडवी हलवली. म्हणाले, "गाणं म्हण." मी हेल्मेटमध्ये रडले.

मग दापोलीच्या संघाबरोबर सामना ठरला. आमचा पहिलाच. आदल्या दिवशी काका सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्या घरातून हाक आली न्हाय तर मी अर्ध्यात टीम काढून घेणार. मुक्या घरापुढं माझ्या पोरी उभ्या करून मी कुणाची हाडं मोडून घेणार न्हाय." तन्वी माझ्याकडं न बघता जाळीची गाठ आवळत राहिली. माझ्यामुळं पाचजणींचा खेळ जाणार होता. पहाटेच्या एस.टी.त सगळ्या घाटाघाटातून झोपल्या. मी जागी होते आणि ओठातल्या ओठात 'डावी, उजवी' घोकत होते. पुस्तकातल्यासारखं, शुद्ध.

सामना सुरू झाला. शुद्ध काही येईना. दोन गोल गेले. काकांनी हात वर करायला घेतला, टीम काढून घ्यायचा तो हात. तेवढ्यात दापोलीची एक उंच मुलगी तन्वीच्या पाठीमागून सुटली. तन्वीला ती दिसत नव्हती. मला दिसत होती. आणि माझ्या पोटातून, परभणीहून निघाल्यासारखं, बाहेर आलं,

"यायलाय! डावीकून यायलाय!"

तन्वी वळली. चेंडू अडला. आणि शिट्टी वाजली. पंच माझ्याकडं पिवळं कार्ड घेऊन आले.

"मैदानावर शिवीगाळ चालणार नाही."

मला कळेना. पंच म्हणाले, "आयला, आयला म्हणून ओरडली ही. मी स्वतः ऐकलं."

झालं, असं मनात म्हटलं. बोलले आणि शिवी झाली. आईचं खरं होतं. पण मयेकर काका थर्मास हातात घेऊन मैदानात शिरले होते.

"साहेब, ती शिवी न्हाय. क्रियापद हाय."

"काय?"

"यायलाय. म्हणजे येतोय. बॉल येतोय, असं सांगते पोरगी. परभणीचं मराठी हाय. तुम्ही शिवीला कार्ड द्या, व्याकरणाला देऊ नका."

पंचांनी आमच्या मुलींकडं बघितलं. "खरं का?"

तन्वी पुढं आली. तीच तन्वी, जी टेबलावर सगळ्यात मोठ्यानं हसली होती. "खरं आहे सर. आमच्या टीमचा कॉलच आहे तो." आणि मागं वळून म्हणाली, "काय गं?" बाकीच्या चौघी एकदम ओरडल्या, "यायलाय!"

पंच हसले. कार्ड खिशात गेलं. तिथून पुढं मैदानभर तेच चाललं. उजवीकून यायलाय, मागून यायलीय, दोघी यायल्यात. दापोलीच्या मुलींना काही कळत नव्हतं, तो आमचा फायदा. तरी हरलो, एका गोलनं. परतीच्या एस.टी.त कुणाला ते आठवतही नव्हतं. कंडक्टर तिकिटाला आला तर मागून आवाज, "पैसे यायलेत!" माझ्या अख्ख्या जन्मात मी एवढी हसले नव्हते.

रत्नागिरीला उतरलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. काठ्यांचा गठ्ठा काकांच्या घरी ठेवायचा होता. प्रवासानं त्यांचा गुडघा धरला होता. वाडीच्या तोंडाशी ते थांबले. "तू हो पुढं. दार उघड. मी येतंय सावकाश." आणि खिशात हात घालून, "झेल!"

किल्ली मी झेलली.

मी दार उघडलं, काठ्या कोपऱ्यात लावल्या. घर नीटनेटकं आणि गप्प. चुलीच्या ओट्याजवळ दोन कप उपडे घातलेले, एक रोजचा, एक धूळ बसलेला. मी दिवा लावला आणि तेवढ्यात बाहेरून, वळणावरून आवाज आला.

"आलोऽऽ!"

मैदानावरचा आवाज नव्हता तो. हळू होता, आणि शेवटी वर गेलेला, विचारल्यासारखा. तन्वीच्या नकलेत ते वर जाणं नव्हतं. मी ओट्याशी उभी राहिले. बाहेर पावलं थांबली होती. दर वेळी थांबत असतील, तशीच थांबली होती.

घरातून हाक आली पाहिजे. मी खिडकीशी गेले आणि असेल तेवढा आवाज काढला.

"याऽऽ! चहा ठेवायले!"

बराच वेळ पावलं वाजलीच नाहीत. मी खरंच आधण ठेवलं. काका आले ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. माझ्याकडं नाही, पातेल्याकडं बघत म्हणाले, "सुमन, तुझी काकी, ओरडायची हितून. चहा टाकलाय, साय धरायच्या आत या. बोटीवरून किती महिन्यांनी आलो तरी हेच. शेवटच्या खेपेला वळणावर हाक मारली, तर..." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग एकदम, "आलं घातलंस काय गो?"

"घालायले," मी म्हटलं.

चहा झाल्यावर मी निघाले. किल्ली परत करायला हात मागं घेतला आणि म्हटलं, "काका, झेला!" त्यांनी हात पुढं केला नाही. गुडघ्यावर हात टेकत उठले, माझ्यापर्यंत चालत आले, आणि माझी मूठ किल्लीवर मिटवली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं."

त्यांनी मला हातात दिलेली ती पहिली वस्तू.

आता सराव नसतो त्या संध्याकाळी मी पोळ्यांच्या आधी तिकडं जाते आणि वळणाकडं कान लावून बसते. पण यानं त्यांचे उपकार फिटत नाहीत. म्हणून ठरवलंय, एक दिवस काकांना माझ्या गावी नेणार. आमच्या फाट्यावर एस.टी. थांबते, तिथून घर दिसतं. काकांनी फाट्यावरून हाक मारायची आणि घरातून माझी आई ओ देईल, जास्ती बोलू नको म्हणणारी माझी आई, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी. फक्त तिथं 'आलो' म्हणून चालणार नाही. 'यायलोय' म्हणावं लागेल. त्याचा सराव मी त्यांच्याकडून आत्तापासून करून घेतेय, साय धरेपर्यंत.