चहा-भाताचा अर्थ

क्योटोतली सगळी देवळं फाटकाबाहेरून फुकट बघता येतात, हा तेत्सुयाचा शोध होता. त्याच्याबरोबर आकिताहून आलेली त्याची बायको चिसातो सकाळपासून फाटकंच बघत होती. मुक्कामही फुकटच. चिसातोची तोकुकोमामी पक्की क्योटोची, जुन्या गल्लीत एकटी राहायची. तिच्याकडे उतरायचं दोघांनी ठरवलं होतं. दुसरीकडे कुठे राहणं परवडणारच नव्हतं.

"इथली माणसं बोलतात एक, अर्थ निघतो दुसराच," तेत्सुयाने मामीच्या दारात बजावलं. "तू फक्त जेव. अर्थ मी बघतो."

मामीने हसत आत घेतलं. चार शब्द झाले न झाले, तोच म्हणाली, "जावईबापूंचं घड्याळ छान आहे हो!"

"किती वाजले बघा, म्हणतायत," तेत्सुया कुजबुजला.

"अरे, छानच आहे. मी दिलंय," चिसातो म्हणाली.

मग मामीने गोड आवाजात विचारलं, "थोडा चहा-भात घेणार का?"

चिसातोचा चेहरा उजळला. तेत्सुया ताडकन उठला. "नको, नको! निघालोच आम्ही!"

"इतक्यात? थांबा की!"

"थांबा म्हणतायत, म्हणजे पळायलाच हवं," असं म्हणत त्याने दोन्ही बॅगा आणि एक बायको बाहेर काढली.

कामो नदीच्या काठी बसल्यावर चिसातोने तोंड उघडलं. "गरम भात होता, तेत्सुया."

"भात नव्हताच. क्योटोत चहा-भात विचारला की पाहुण्याने उठायचं असतं. आत शिजवलेलासुद्धा नसतो."

"मला वास आला."

"तो इशाऱ्याचा वास."

तिने पिशवीतला शेवटचा भाताचा गोळा काढला. वरून एक घार आली आणि तो घेऊन गेली.

"ही तरी सरळ बोलते," चिसातो म्हणाली.

पानं लाल व्हायचे, ती बघायला गर्दी लोटायचे दिवस. स्वस्तातली प्रत्येक खोली भरलेली. थंडी वाढली तशी चिसातो उठली. "चल. मामीची माफी मागू. सांग, माझा गैरसमज झाला."

मामीने दार उघडलं. तेत्सुया कमरेत वाकला. "मामी, माफ करा. मला वाटलं, तुम्ही आम्हाला जा म्हणताय."

मामीचा चेहरा पडला. "म्हणजे? तुम्हाला कळलं नव्हतं?"

"काय?"

"अहो, जाच म्हणत होते मी! अंथरुणंसुद्धा काढली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाहेरगावचा माणूस इशाऱ्यावर उठला. अख्ख्या गल्लीला सांगून आले, आमचा जावई काय समजूतदार आहे म्हणून!"

तेत्सुया तसाच वाकलेल्या अवस्थेत अभिमानाने फुगला. "कळलंच होतं, मामी. अगदी घड्याळापासून."

"मग आत या बाई! अशी माणसं कितीही दिवस राहू देत!"

चिसातो आत शिरली. तेत्सुयाने, सावधगिरी म्हणून, दाराशीच बैठक मारून एक पाय बुटात ठेवला. मामी दोन वाडगे घेऊन आली. भातावर गरम चहा, वर लोणचं.

"घ्या, चहा-भात."

तेत्सुया गोठला. मामी हसत होती. मघाशीही अशीच हसत होती. तो चिसातोकडे झुकला. "आता याचा अर्थ काय?"

"भात," चिसातो भरल्या तोंडाने म्हणाली.